दार कधी लावायचं, कधी उघडायचं: सर्दी-फ्लू टाळण्याची चिनी वैद्यकाची रीत

चीनमधल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात सर्दीसाठी दोन अगदी उलट्या स्वभावाची औषधं मिळतात. एक यु-फिंग-फंग सान. हे अंगाचं कुंपण पक्कं करतं, म्हणजे बाहेरचं काही आत शिरू नये. दुसरं यिन छ्याओ सान. हे अंगाची दारं उघडून, आत शिरलेलं बाहेर घालवतं. पहिलं निरोगी असताना घ्यायचं, दुसरं पहिल्या लक्षणांना. अदलाबदल झाली तर नुकसान होतं, असं चिनी वैद्य मानतात. घसा धरल्यावर कुंपण पक्कं करणारं औषध घेतलं तर काय होतं, हे सांगायला त्यांच्याकडे एक जुना वाक्प्रचार आहे: दार लावून चोराला घरातच कोंडणं.

या लेखाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे. चिनी वैद्यकातून सर्दी-फ्लू टाळायचा असेल, तर कोणती जडीबुटी चांगली हा प्रश्न शेवटचा. ऋतू कोणता, माझं अंग कसं आहे, आणि आज मी निरोगी आहे की आजाराच्या उंबऱ्यावर, हे आधी ठरवायचं. आपल्याकडे लोक उलटं करतात. कुठून तरी एक डबी मागवतात आणि घरातल्या सगळ्यांना एकच चमचा देतात.

वारा आणि पहारा

चिनी वैद्यकाच्या मते सर्दी आणते ती 'फंग', म्हणजे वारा. थंडी, उष्मा, ओल, कोरडेपणा हे सगळे वाऱ्याच्या पाठीवर बसून अंगात शिरतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइचिंग' या ग्रंथात वाऱ्याला सगळ्या रोगांचा म्होरक्या म्हटलं आहे. त्याला अडवते ती 'वेई-छी', कातडीच्या खालून फिरणारी, पहारा देणारी शक्ती. ती रोमरंध्रं उघडते, मिटते, अंग उबदार ठेवते. ती पोटातून, अन्नपचनातून तयार होते आणि फुप्फुसं तिला अंगभर पसरवतात. म्हणून सर्दी टाळण्याच्या चिनी उपायांत निम्मे उपाय पोटाचे असतात.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, आणि ते शिंकेतून, खोकल्यातून, हातांमधून पसरतात. 'वारा' ही कल्पना विषाणूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची. ती विषाणूची जागा घेऊ शकत नाही. पण कोणत्या हवेत, कोणत्या अंगस्थितीत माणूस चटकन आजारी पडतो याचं शतकानुशतकांचं निरीक्षण तिच्यात साठलेलं आहे, आणि मला मोल वाटतं ते या निरीक्षणाचं. औषधांच्या बाबतीत मात्र प्रतिबंधाचा पक्का पुरावा अजून तोकडा आहे. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत चीनमध्ये 410 रुग्णांवर एक चाचणी झाली. यिन छ्याओ सान आणि आणखी एक जुना काढा एकत्र करून दिल्यावर, काहीच न दिलेल्या रुग्णांपेक्षा ताप लवकर उतरला. 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पण ती चाचणी उपचाराची होती, प्रतिबंधाची नव्हती, आणि तीत तुलनेसाठी दिखाऊ औषध (प्लासिबो) दिलेला गटही नव्हता.

पहिलं काम: आरशासमोर जीभ बघा

सकाळी उठल्यावर, दात घासण्याआधी, चहाच्या आधी, खिडकीच्या उजेडात जीभ बाहेर काढून बघा. ट्यूबलाइटखाली नको, रंग फसवतो. आठवडाभर रोज बघितलीत की तुमची नेहमीची जीभ कशी असते हे कळेल, आणि मग बदल ओळखता येईल.

फिकट, थोडी सुजल्यासारखी आणि कडांना दातांचे ठसे असलेली जीभ म्हणजे वेई-छी कमी. असा माणूस जरा चाललं की घामेजतो, पंख्याखाली बसवत नाही, जिना चढून बोलताना आवाज बारीक होतो, आणि घरात सर्दी आली की पहिला नंबर याचा. कुंपण पक्कं करणारी औषधं याच्यासाठी असतात.

लालसर, कमी थराची, भेगा पडलेली जीभ म्हणजे आतला ओलावा कमी. घसा सारखा कोरडा, रात्री तळपाय गरम, कोरडा खोकला. अशा माणसाने रोज आल्याचा काढा पीत राहिलं तर त्याला त्रासच होईल.

जाड, चिकट, पांढरा किंवा पिवळट थर म्हणजे ओल साठलेली. तोंडाला चव नाही, अंग जड, पोट साफ नाही. याला पौष्टिक काही देण्याआधी पोट हलकं करायचं.

जेमतेम दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा राहतो.

दुसरं काम: मान, पाठ आणि पाय सांभाळा

वारा शिरण्याच्या जागा चिनी वैद्यकाने नेमक्या सांगितल्या आहेत: मानेची मागची बाजू आणि खांद्यांच्या मधली पाठ. तिथल्या ॲक्युपंक्चरच्या बिंदूंच्या नावांतच वारा आहे. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या अंगाला दोन खळगे लागतात, ते 'फंगछी'. म्हणून थंड वाऱ्यात डोक्याआधी मान झाकायची. मोटारसायकलवर जाताना, रात्रीच्या एसटीत खिडकीपाशी, एसीच्या झोताखाली बसताना एक सुती रुमाल किंवा पंचा मानेभोवती पुरतो.

चीनमध्ये आणि तैवानमध्ये लहान मुलांच्या बाबतीत आया एक गोष्ट करतात, ती मला फार आवडते. मूल खेळायला जाण्याआधी सदऱ्याच्या आत, पाठीवर, एक मऊ सुती कापड सरकवतात. त्याचं वरचं टोक कॉलरमधून बाहेर राहतं. मूल धावतं, घामेजतं, कापड घाम टिपतं. खेळ थांबला की टोकाला धरून कापड ओढून काढायचं. पाठ कोरडी, सदरा बदलायला नको, आणि ओल्या पाठीवर वारा नाही. आपल्या दमट हवेत शाळेच्या दप्तरात असं एक कापड टाकायला काहीच हरकत नाही.

मोठ्यांसाठी नियम तोच. घामाने भिजून आल्यावर लगेच एसीत किंवा पंख्याखाली बसू नका. आधी पाठ, मान पुसा. ओले केस घेऊन झोपू नका.

ऋतूबदलासाठी चिनी घरांत एक सूत्र पाळतात: वसंतात अंग झाकलेलं ठेवा, शरदात थोडी थंडी सोसा. थंडी सरताना पहिल्या उबदार दिवशी स्वेटर पेटीत टाकायचा नाही, कारण हवा अजून फिरणार असते. उलट पावसाळा संपून थंडी येऊ लागते तेव्हा पहिल्याच गारव्याला अंगावर तीन थर चढवायचे नाहीत. कातडीला हळूहळू मिटायला शिकू द्यायचं. पण ही सवलत मान, पोट आणि पाय यांना नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना, दम्याच्या रुग्णांना तर नाहीच. 7-8 सप्टेंबरला चिनी सौर पंचांगातला 'पांढरं दव' हा टप्पा येतो. त्यानंतर अंग उघडं टाकायचं नाही, असं तिथे म्हणतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थोडं थांबावं. हे सगळं पंचांग उत्तर चीनच्या कोरड्या, कडक हिवाळ्यावर बेतलेलं आहे. आपल्याकडे फ्लूच्या दोन लाटा येतात. एक पावसाळ्यात, दुसरी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. पावसाळ्यातल्या कोकणाला बेजिंगची रीत लागू पडत नाही. तिथे दक्षिणेच्या ग्वांगतोंग प्रांताची रीत जवळची, कारण ती हवा अशीच दमट. तिथले लोक ओल हटवण्यावर भर देतात: कोहळ्याचं सूप, हलकं जेवण, तळलेलं कमी, आणि कडवट वनस्पतींचा 'लिआंगछा' चहा. हा चहा 2006 मध्ये चीनने राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातला. विदर्भ-मराठवाड्यातली डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी मात्र उत्तरेच्या नियमांना बरीच मानवते.

तिसरं काम: झोप आणि पाय शेकणं

झोपेबद्दल 'नेइचिंग' ऋतुवार सांगतो. वसंत आणि उन्हाळ्यात उशिरा झोपलं तरी चालेल, पण लवकर उठा. शरदात लवकर झोपा आणि कोंबड्याबरोबर उठा. हिवाळ्यात लवकर झोपा आणि उन्हं आल्यावर उठा. हिवाळ्यात पहाटे अंधारात उठून धुक्यात पळायला जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. व्यायाम उन्हं आल्यावर करा, तेवढाच फायदा होईल.

झोपण्याआधी पाय शेकणं ही चीनमधली घरोघरची सवय. थंडी पायांतून वर चढते असं तिथे मानतात. बादली अशी घ्या की पाणी घोट्याच्या वर, जमल्यास अर्ध्या पोटरीपर्यंत येईल. पाणी सुमारे 40 अंश. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, हात फसवतो. आल्याचे पाच-सहा जाड काप आधी उकळून ते पाणी त्यात ओता. जेवणानंतर किमान एक तास जाऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं पाय ठेवा, मधे थोडं गरम पाणी घाला. कपाळावर किंवा पाठीवर अगदी बारीक घाम जाणवला की थांबा. घामाच्या धारा लागेपर्यंत बसणं म्हणजे मिळवलेलं घालवणं. पाय कोरडे पुसा, मोजे घाला, झोपा.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, व्हेरिकोज व्हेन्स असतील किंवा पायावर जखम असेल तर हा उपाय करू नका. गरम पाण्याने भाजलेलं अशा पायाला कळत नाही.

चौथं काम: ताटात काय

हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याला चिठ्ठी लिहायची वेळच येणार नाही, अशी एक चिनी म्हण आहे. ऐकायला उलटी वाटते. थंडीत आलं आणि उन्हाळ्यात मुळा असं असायला हवं ना? पण कारण असं देतात की उन्हाळ्यात उष्णता कातडीकडे जाते, पोट आतून गार पडतं, त्यात गार पेयं. तिथे आलं लागतं. हिवाळ्यात उष्णता आत दबून राहते, जड जेवण साचतं, कफ होतो; तिथे मुळा पोट मोकळं करतो. सकाळी जेवणात आल्याचे दोन-तीन काप, रात्री आलं नको, ही तिथली नेहमीची पद्धत.

आलं वापरताना चिनी स्वयंपाकी आणि वैद्य तीन गोष्टी वेगळ्या मानतात. ओलं आलं घाम आणतं आणि बाहेरची थंडी हटवतं. सुंठ पोट आतून गरम करते, पण घाम फारसा आणत नाही. आल्याची साल थंड गुणाची, ती सूज उतरवायला वापरतात. त्यामुळे थंडी वाजून सर्दी आली तर ओलं आलं, साल काढून. आपल्याकडे काढ्यात सुंठ आणि आलं एकमेकांच्या जागी सर्रास जातात. चिनी हिशोबात तसं चालत नाही.

शरदातली, म्हणजे ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा घसा आणि फुप्फुसं सुकवते असं मानतात. त्यासाठी खडीसाखर घालून वाफवलेलं नाशपाती. नाशपातीचं वरचं टोक टोपीसारखं कापा, आतला गाभा बियांसकट चमच्याने काढा, पोकळीत खडीसाखरेचे चार-पाच खडे टाका, टोपी परत ठेवा आणि वाटीत उभं करून अर्धा-पाऊण तास वाफवा. फळ पारदर्शक होतं आणि वाटीत गोड रस जमतो. तो रस पिऊन फळ चमच्याने खायचं. कोरड्या घशाला हे सुखाचं. पण ज्यांना पांढरा, पातळ कफ पडतो, पोट पटकन बिघडतं, त्यांनी टाळावं. नाशपाती थंड मानतात. मधुमेह असेल तर हा प्रकार सोडून द्या.

लाल बोरं चिनी सूपमध्ये आणि पेजेत पडतात, पोटाला बळ देणारी म्हणून. भारतात हीच बोरं युनानी औषधांच्या दुकानात 'उन्नाब' नावाने मिळतात. चार-पाच पुरतात. जिभेवर जाड थर असेल तेव्हा नको.

शेवंतीचा चहा डोळे आणि घसा शांत करतो म्हणून चीनमध्ये उन्हाळ्यात पितात. कृपा करून बाजारातल्या पूजेच्या शेवंतीचा चहा करू नका. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. खाण्यासाठी म्हणून वाळवलेली पाकीटबंद शेवंती मिळाली तरच.

पाचवं काम: तीन बिंदू, पाच मिनिटं

मोजमाप स्वतःच्याच बोटांनी करायचं. अंगठ्याची रुंदी एक माप, चार बोटं जुळवून तीन मापं.

नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला, नाक आणि ओठ यांच्यामधली घडी जिथे सुरू होते, तिथे 'यिंगश्यांग'. दोन्ही तर्जन्यांनी एकाच वेळी, नाकाला लागून वर-खाली, ऊब येईपर्यंत चोळा. सकाळी तोंड धुताना करायची सवय लावा. नाक चोंदलेलं असेल तर आराम जाणवतो.

मानेचे फंगछी मघाशी सांगितले. दोन्ही हातांची बोटं डोक्यामागे गुंफा, अंगठे त्या खळग्यांत ठेवा आणि डोळ्यांच्या दिशेने हलकं दाबून गोल फिरवा. बाहेरून वाऱ्यात फिरून आल्यावर लगेच केलेलं बरं.

तिसरा 'त्सूसानली', चिनी वैद्यकातला सर्वांत लाडका बिंदू. गुडघा वाकवा, वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला एक खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली, आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. नीट सापडला की दाबल्यावर बोथट कळ उठते, ती पायाच्या दिशेने जाते. दोन्ही पायांवर दोन-दोन मिनिटं दाबा. पोटाला आणि वेई-छीला बळ देणारा हा बिंदू रोजचा ठेवा. दवाखान्यात तिथे सुई किंवा शेक देतात. घरी जळती काडी घेऊन शेकायच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र परिषद आहे, नोंदणीकृत उपचारक शोधता येतो.

अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला 'होकू' बिंदू सर्दी, डोकेदुखीसाठी सगळीकडे सांगतात. गरोदरपणात तो दाबत नाहीत.

बसून बिंदू दाबायचा कंटाळा येत असेल तर 'बादुआनचिन' शिका. आठ हालचालींचा हा जुना व्यायाम चीनच्या क्रीडा प्रशासनाने 2003 मध्ये प्रमाणित करून पसरवला. सकाळी चिनी बागांमध्ये म्हातारी माणसं रांगेने करतात तो बहुधा हाच. पहिली हालचाल दोन्ही तळवे आकाशाकडे उचलण्याची, शेवटची टाचा उचलून सात वेळा हलकेच आपटण्याची. सगळं मिळून पाव तास. दम लागू द्यायचा नाही.

कुंपणाचं औषध

आता यु-फिंग-फंग सान. यात फक्त तीन वनस्पती असतात. हुआंगछी हे मूळ वेई-छी वाढवतं आणि सैल पडलेली रोमरंध्रं मिटवतं. बाईचू पोट सुधारतं, म्हणजे वेई-छी जिथे तयार होते तो कारखाना दुरुस्त करतं. फांगफंग वाऱ्याला हळूच बाहेर काढत राहतं, म्हणजे मिटलेल्या दारामागे काही अडकू नये. आजच्या तयार औषधात हुआंगछी सर्वांत जास्त असतं. रचना साधी आहे, पण तिच्यात शहाणपण भरलेलं आहे: दोन भाग बांधणारे, एक मोकळं करणारा.

हे ज्याला मानवतं तो माणूस वर सांगितलेला: फिकट जीभ, उगाच येणारा घाम, वाऱ्याचा तिटकारा, वारंवार सर्दी. साथीच्या आधी काही आठवडे, वैद्याने ठरवलेल्या मात्रेत. चिनी घरांत हुआंगछीचे वाळलेले काप कोंबडीच्या सूपमध्ये घालतात. चार माणसांच्या भांड्याला 10-15 ग्रॅम, तासभर शिजवून काप काढून टाकायचे. ते लाकडासारखे असतात, चावत नाहीत.

कोणी घेऊ नये हे जास्त महत्त्वाचं. ताप, घसादुखी, पिवळा कफ सुरू असताना अजिबात नको. प्रत्यारोपण झालेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी, ल्युपस किंवा संधिवातासारखा स्वप्रतिकार विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हुआंगछीला हात लावू नये. गरोदर बायका आणि लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका.

उन्हाळ्यात लावायचे 'सानफूथ्ये' नावाचे लेपही असतात. हिवाळ्यातला आजार उन्हाळ्यात बरा करायचा, या विचाराने जुलै-ऑगस्टच्या सर्वांत उष्ण दिवसांत पाठीवर पांढऱ्या मोहरीचा आणि इतर वनस्पतींचा लेप लावतात. चिनी रुग्णालयांत त्यासाठी रांगा लागतात. त्यात विषारी वनस्पती असतात, कातडीवर फोड येतात. घरी करू नका, ऑनलाइन पट्ट्याही मागवू नका.

पहिली शिंक आली तर

आता नियम बदलतो. कुंपणाचं औषध बंद, दार उघडायचं. त्याआधी दोन मिनिटं थांबून ठरवा, थंडीचा वारा की उष्म्याचा.

थंडी जास्त वाजते, ताप कमी, नाकातून पाण्यासारखं गळतं, मान आणि अंग ठणकतं, घाम नाही, तहान नाही, जिभेवर पातळ पांढरा थर: थंडीचा वारा. घसा लाल आणि दुखरा, ताप जास्त, कफ पिवळट, तहान, जिभेचं टोक लाल: उष्म्याचा. पावसाळ्यात तिसराही दिसतो: डोकं ओल्या फडक्याने आवळल्यासारखं, मळमळ, पोट बिघडलेलं. हा ओलीचा.

थंडीच्या वाऱ्यावर चिनी घरांतला उपाय म्हणजे पेज. तिची कृती लोकांना यमकात पाठ असते: मूठभर चिकट तांदूळ, कांद्याचे सात पांढरे बुंधे, आल्याचे सात काप, शेवटी अर्धी वाटी व्हिनेगर. चिकट तांदूळ नसेल तर आंबेमोहोर घ्या. तांदूळ धुऊन पाच-सहा वाट्या पाण्यात आल्याबरोबर मंद आचेवर ठेवा. दाणे फुटू लागले की पातीच्या कांद्याचे पांढरे बुंधे, मुळांच्या केसरांसकट नीट धुऊन, अख्खे टाका. पात नको. कांदा आधी टाकला तर उडणारा उग्र वास, म्हणजे कामाचा भागच, निघून जातो. आणखी दहा मिनिटांनी तांदळाचं व्हिनेगर घाला, एक उकळी, बंद. अर्धी वाटी जड वाटली तर चार चमचे घ्या; आम्लपित्तवाल्यांनी व्हिनेगर वगळावं. वाफ नाकात घेत, गरम गरम प्या आणि पांघरुणात शिरा.

इथे चांग चोंगचिंग या हान काळातल्या वैद्याची सूचना लक्षात ठेवा. सुमारे 1,800 वर्षांपूर्वीच्या त्याच्या 'शांगहान लुन'मध्ये दालचिनीच्या फांद्यांच्या काढ्यानंतर गरम पेज प्यायला आणि सुमारे दोन तास पांघरून पडायला सांगितलं आहे. सर्वांगाला बारीक ओलसर घाम यावा, पाण्यासारखा वाहू नये. वाहिला तर आजार जात नाही. घाम आला की पुढचा डोस थांबवायचा. आणि तेवढे दिवस गार, कच्चं, चिकट, मांस, दारू, दुधा-दह्याचे पदार्थ बंद.

उष्म्याच्या वाऱ्यावर ही पेज देऊ नका, घसा आणखी पेटेल. त्यासाठी यिन छ्याओ सान, चिंग राजघराण्याच्या काळातल्या वू चुथोंग या वैद्याची रचना. घसा खवखवू लागल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत घेतलं तर ते कामाचं, असं मानतात. घरात हे नसेल तर पुदिन्याचं कोमट पाणी, भरपूर पातळ पदार्थ, तळलेलं बंद. ओलीच्या प्रकाराला चीनमध्ये हुओश्यांग चंगछी हे औषध घेतात. त्याच्या द्रवरूपात बराच मद्यार्क असतो. काही अँटिबायोटिकांबरोबर तो धोकादायक ठरतो. गोळ्यांच्या रूपात हा त्रास नसतो.

लस आणि हात धुणं

चिनी वैद्यकावर प्रेम आहे म्हणून लस नको, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. देवीच्या खपल्यांची पूड निरोगी मुलाच्या नाकात फुंकून सौम्य देवी आणायच्या, म्हणजे मोठी देवी टळते, ही पद्धत सोळाव्या शतकात चीनमध्येच नोंदली गेली. लसीच्या कल्पनेचं मूळ याच परंपरेत आहे. फ्लूची लस दरवर्षी घ्या. आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी, कारण तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. साठीपुढचे, गरोदर बायका, दमा, मधुमेह, हृदयविकार असणारे यांनी तर नक्की. साबणाने हात, गर्दीत मास्क, खोलीला उघडी खिडकी, आजारी माणसाचं ताट-टॉवेल वेगळं: यातलं काहीही आल्याच्या पेजेने भरून निघत नाही.

2003 मध्ये सार्सची साथ आली तेव्हा ग्वांगतोंगमध्ये लोकांनी बानलानगेन हे मूळ आणि पांढरं व्हिनेगर यांच्यासाठी दुकानं रिकामी केली, भाव गगनाला भिडले. घाबरलेल्या गर्दीच्या हातात गेलेलं औषध परंपरेचं राहत नाही. एकच वस्तू सगळ्यांना सारखी, हे चिनी वैद्यकाच्या स्वभावाच्याच विरुद्ध आहे.

विकत घेताना

वनस्पतींच्या नावांची गल्लत जीवघेणी ठरू शकते. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी तशाच नावाची दुसरी गेली आणि तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून सुटी पूड, बिननावाची डबी, प्रवासातून कोणी आणलेली पुडी घेऊ नका. घटक, बॅच क्रमांक, मुदत छापलेलं असलं पाहिजे. माहुआंग, म्हणजे एफेड्रा असलेलं सर्दीचं औषध रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवतं. अमेरिकेने 2004 मध्ये ते असलेल्या पूरक आहारांवर बंदी घातली. ज्येष्ठमध बहुतेक चिनी काढ्यांत असतो. तो जास्त दिवस घेतला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोणतीही जडीबुटी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

आणि घरगुती उपायांची हद्द ओळखा. धाप लागणं, छातीत दुखणं, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन 94 च्या खाली, तीन दिवसांहून जास्त ताप, उतरलेला ताप परत चढणं, मुलाचा श्वास जलद होणं किंवा ते सुस्त पडणं, वृद्ध माणूस गोंधळल्यासारखं बोलणं: यातलं एकही दिसलं तर काढा बाजूला ठेवून रुग्णालय गाठा. फ्लूचं विषाणूरोधक औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत उपयोगी पडतं. जोखमीच्या माणसांनी वाट बघू नये.

ताप उतरल्यावर

ताप गेला म्हणून दुसऱ्या दिवशी मटण आणि जिम सुरू करू नका. आजारातून उठलेल्याचा आजार जेवणाने उलटतो आणि श्रमानेही उलटतो, असं जुने चिनी वैद्य सांगतात, आणि 'शांगहान लुन'मध्ये त्यावर स्वतंत्र भागच आहे. पहिले दोन-तीन दिवस साधी पेज, मग मऊ भात, शिजवलेली भाजी, मग हळूहळू नेहमीचं जेवण. चालणं आधी, पळणं नंतर. जीभ रोज बघत राहा. थर पातळ आणि पांढरा झाला, घसा साफ झाला, भूक परत आली, की मगच हुआंगछीचं सूप पुन्हा चुलीवर चढवा.